देशांतर म्हणजे किती अंतर?

पेडणे महालात हल्ली एक प्रश्न वारंवार कानी पडतो. कोणाच्या घरी काही बरेवाईट घडले आणि त्या घरचा मुलगा परमुलखात असला, म्हणजे अंगणात जमलेली मंडळी प्रथम विचारतात, “तो केन्ना पावतलो?” तो किती मैलांवर आहे, हे कोणीही विचारीत नाही. मांद्र्यापासून लंडन किती दूर, हा प्रश्न शाळेच्या भूगोलात राहिला आहे; व्यवहारात उरला आहे तो तासांचा हिशेब. अंतर नाहीसे झाले असा याचा अर्थ नव्हे. अंतराने आपले माप बदलले, इतकेच. परंतु माप बदलल्यावर त्या मापाने मोजली जाणारी कर्तव्येही बदलतात की काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वकिलीच्या व्यवसायामुळे तो आमच्यापुढे वाटणीच्या व वारसाहक्काच्या कागदांतून येतो, आणि कागदांतून आलेला प्रश्न निकाल मागतो; त्याला तत्त्वचर्चेत फार काळ रमू देता येत नाही.

वेळाने अंतर मोजणे ही काही विमानांच्या युगाची कल्पना नव्हे. आमच्याकडच्या वृद्धांना पेडण्याचा बाजार किती दूर असे विचारले, तर ‘पहाटे निघालास तर उन्हे चढण्यापूर्वी पोचशील’ असे उत्तर मिळत असे. चोपड्याच्या तरीवर पूल नव्हता त्या काळी शिवोली कधी जवळ असे, कधी दूर. गॅसोलीन ऐलतीरी लागलेली असली तर जवळ. पैलतीरी असली व चालक चहा पीत बसलेला असला तर फार दूर. शापोरा नदीचे पात्र मात्र दोन्ही वेळी तेवढेच रुंद होते. तेव्हा मैल आणि वेळ यांची फारकत आमच्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. त्यांना ठाऊक नव्हते ते एवढेच, की ही फारकत एक दिवस इतकी वाढेल, की सात हजार मैलांचा समुद्रमार्ग आणि एका रात्रीची झोप एकाच वाक्यात बसतील.

प्रथम हा हिशेबच नीट मांडू. मोपाच्या पठारावरून लंडनपर्यंत पृथ्वीच्या गोलावर सरळात सरळ रेषा काढली तर ती सुमारे ७,५०० किलोमीटर भरते. लिस्बनपर्यंत काढली तर सुमारे ८,३०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही रेषा सरळ दिसत नाही, उत्तरेकडे फुगलेली दिसते. गोल वस्तूचे साल कागदावर पसरण्याचा हा परिणाम आहे. मोठे प्रवासी विमान तासाला सुमारे नऊशे किलोमीटर जाते. तेव्हा साडेआठ तासांत लंडन यावयास हवे. प्रत्यक्षात दहा तासांच्या आसपास लागतात. कारण विमान चढते, उतरते, वळसे घेते, वाट पाहते; शिवाय त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळे लंडनला जाताना अधिक वेळ लागतो व तेथून परतताना कमी. येणे जाण्यापेक्षा लवकर होते, ही निसर्गाची सूचना म्हणावी काय, असा विनोद मनात येतो. पण विषय गंभीर आहे म्हणून तो सोडून देतो. घड्याळाचे आणखी वेगळेच. हिवाळ्यात लंडन आमच्यामागे साडेपाच तास असते, उन्हाळ्यात साडेचार. म्हणून येथून पहाटे निघालेला माणूस तेथे त्याच दिवशी दुपारच्या आत उतरतो आणि निम्मा दिवस वाचला असे समजतो. परत येताना तेवढाच दिवस त्याला भरून द्यावा लागतो.

मोपाचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटित झाला व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने जाऊ लागली. त्याच वर्षी लंडनजवळच्या गॅटविकला तेथून थेट विमानही सुरू झाले. ज्या पठारावर कालपरवापर्यंत गुरे चरत होती, तेथून पेडण्याचा मुलगा एका बैठकीत इंग्लंडात जाऊ लागला. २०२५ च्या उन्हाळ्यात ती थेट सेवा खंडित झाली, आणि त्या वेळी कित्येक घरांतून एखादा पूल वाहून गेल्यासारखा उद्गार आम्ही ऐकला. थेट विमान नसले म्हणजे वाटेत मुंबईस, दिल्लीस किंवा आखातात उतरून दुसरे विमान धरावयाचे. दहा तासांचे सोळा होतात, वीस होतात. त्यात घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ, तपासणीच्या रांगा, तिकीट मिळेपर्यंतचा वेळ, मालकाकडून रजा मिळेपर्यंतचा वेळ हे धरा. वेळापत्रकात छापलेले दहा तास हे विमानाचे असतात. माणसाचे दोन दिवस होतात. बातमी येण्याच्या क्षणापासून उंबरठ्यात पाऊल पडेपर्यंतचा वेळ कोणतीही विमान कंपनी छापीत नाही, आणि आमचा प्रश्न तर त्याच वेळेविषयी आहे.

यातही राजकारण शिरते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते त्या वर्षीच्या जुलैपर्यंत; एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झाले. उत्तर भारतातून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. २०२२ साली रशियाने युरोपीय विमानांना आकाश नाकारले, तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही नगरे जागच्या जागी होती. पृथ्वीचा गोल तेवढाच होता. शेजाऱ्यांची भांडणे झाली आणि अंतर वाढले.

आमच्या लोकांना हे नवे वाटू नये. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, आगगाडी थांबली, सरहद्दीवर परवाना आला. तेरेखोल नदीच्या पलीकडे रेडी, शिरोडे, आरोंदे ही गावे. मांद्रे, हरमल, केरी, पालये येथल्या घरांचे सोयरेसंबंध पिढ्यान्‌पिढ्या त्या बाजूस. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, आणि मध्ये बंदूकधारी. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रही गोळीबारात पडले, म्हणजे ती रेषा कागदावरची नव्हती हे कोणास सांगावे लागू नये. आणि नेमक्या त्याच वर्षी दाबोळीस विमानतळ उभा राहिला व पोर्तुगीजांनी गोव्यासाठी स्वतंत्र विमान कंपनी काढली. तिची विमाने कराचीस व पुढे मुक्काम करीत लिस्बनपर्यंत जात. परिणाम असा, की सरकारमान्य माणसाला दाबोळीहून लिस्बन गाठता येत होते, पण मांद्र्याच्या माणसाला शिरोड्यास वारलेल्या बहिणीच्या दारात परवान्यावाचून उभे राहता येत नव्हते. पाचसहा कोस आणि आठ हजार किलोमीटर यांत दूर कोणते, हे त्या सहा वर्षांत ज्याने त्याने आपल्या घरापुरते ठरविले.

आणखी एक अंतर त्याच काळाचे. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर आदी मंडळी १९४६ नंतर पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवली गेली. मोहन रानडे १९५५ साली पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, १९६० मध्ये त्यांना पोर्तुगालला नेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. रानडे मात्र लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातून सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. ज्या भूमीसाठी ते तुरुंगात गेले ती सात वर्षे स्वतंत्रपणे नांदत होती, आणि तिच्यासाठी लढणारा आठ हजार किलोमीटरांवर कोठडीत बसला होता. त्या सात वर्षांत जगात जेट विमाने सर्वत्र फिरू लागली होती. त्यांचा त्यांना काय उपयोग?

आता धर्मशास्त्राकडे वळू. कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हा प्रश्न प्रथम तेथेच भेटतो. आशौचाचे नियम सांगताना ‘देशांतर’ म्हणजे काय हे शास्त्रकारांना ठरवावे लागले. मरण दूर देशी घडले तर सुतक किती दिवसांचे, हे त्यावर अवलंबून होते. बृहस्पतीच्या नावावर जे वचन सांगितले जाते त्यात महानदी आडवी येणे, पर्वत आडवा येणे व भाषा बदलणे ही देशांतराची लक्षणे दिली आहेत. त्यापुढे कोणी साठ योजने म्हणतात, कोणी चाळीस, कोणी तीस, असा मतभेदही नोंदविला आहे. आणखी एका वचनात याहून सूक्ष्म लक्षण आहे: जेथील वार्ता दहा रात्रींत ऐकू येत नाही, ते देशांतर.

वकिलाच्या डोळ्यांनी पाहिले तर ही व्याख्या फारच विचारपूर्वक केलेली दिसते. चार कोसांचे योजन धरून साठ योजने मोजली तर मुंबई देशांतर ठरत नाही. तीस मोजली तर वादाचा मुद्दा होतो व उभयपक्षी वकील द्यावे लागतात. नदीची कसोटी लावली तर तेरेखोल ही महानदी की साधी नदी, हे ठरविण्यासाठी पुरावा घ्यावा लागेल. परंतु ‘वार्ता किती दिवसांत पोचते’ ही कसोटी लावली की मैल, नदी, डोंगर सगळे गळून पडते. दूर म्हणजे जेथे कळत नाही ते. या अर्थाने पाहता आज पृथ्वीच्या पाठीवर देशांतर फारसे उरलेले नाही. मांद्र्यास कोणी प्राण सोडला तर स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी करणाऱ्या मुलाला ते पाच मिनिटांत कळते. कित्येकदा वाड्यावरच्या चार घरांना कळण्यापूर्वी कळते.

मनूने परदेशस्थाच्या मरणाविषयी जे सांगितले तेही याच धोरणाचे आहे. दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस पाळावे. दहा दिवस उलटल्यावर कळले तर तीन रात्री. वर्ष उलटल्यावर कळले तर स्नान केले की झाले. अंतर व काळ यांच्या प्रमाणात शास्त्राने सवलत दिली. मात्र एका ठिकाणी सवलत नाही. आईबाप वारले, तर मुलगा कितीही दूर असो, ज्या दिवशी ऐकेल त्या दिवसापासून त्याने पूर्ण दहा दिवस पाळावयाचे, असे पैठीनसीच्या नावावरचे वचन मिताक्षरेत घेतले आहे. वर्षाने ऐकले तरी दहा दिवस. मुलाचे पितृऋण कोसांनी घटत नाही, असा त्याचा आशय आम्ही समजतो. परंतु येथे एक गोष्ट सुटू नये. शास्त्राने त्या मुलाला ‘धावत ये’ असे सांगितलेले नाही. जेथे आहेस तेथे, ऐकल्या क्षणापासून, आपले कर्तव्य सुरू कर, इतकेच सांगितले. येणे शक्यच नव्हते म्हणून ते सांगितले नाही, की येणे हे त्या कर्तव्याचे मर्म नव्हते म्हणून? आमच्या प्रश्नाची गाठ येथे आहे.

रामायणात याचा एक दाखला आहे. दशरथाने प्राण सोडला तेव्हा राम-लक्ष्मण वनात, भरत-शत्रुघ्न केकय देशी. एकही पुत्र जवळ नाही म्हणून अमात्यांनी दहन केले नाही. राजाचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवला आणि भरताकडे दूत धाडले. वाटेत सात रात्री काढून भरत अयोध्येस आला; मग अग्निसंस्कार झाला. आज म्हापशाच्या शवागारात देह ठेवून मुलाच्या विमानाची वाट पाहणाऱ्या कुटुंबास हा मोठाच आधार आहे. आणि ‘ही कसली नवी रीत’ असे कुरकुरणाऱ्या शेजाऱ्यास उत्तरही. पण त्याच कथेचा दुसरा अर्धा भाग आम्ही विसरतो. अयोध्येने पुत्राची वाट पाहिली. ज्येष्ठ पुत्राची नव्हे. राम चित्रकूटास होता. त्याला पुढे भरताकडून कळले, तेव्हा त्याने मंदाकिनीच्या तीरी उदक दिले व वनात जे होते त्याचे पिंड दिले. रामाने पित्यास अग्नी दिला नाही. तरी तो पुत्रधर्मास चुकला, असे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही.

हे सर्व आठवण्यास कारण झाले ते एक प्रकरण. नावगाव सांगण्याचे कारण नाही. अशी घरे आमच्या महालात एक नव्हे, अनेक आहेत. दोन भाऊ. थोरला पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवून इंग्लंडात गेलेला, धाकटा घरी. बाप नऊ महिने अंथरुणास खिळून होता. थोरला दरमहा पैसे पाठवीत असे व रोज रात्री फोनवर बापाचा चेहरा पाहत असे. बाप वारला तेव्हा त्याने ‘निघतो’ असे कळविले; मग तिकीट दुसऱ्या दिवसाचे आहे असे कळविले; मग रजा मिळत नाही असे कळविले. दोन रात्री देह म्हापशास ठेवला होता. तिसऱ्या दिवशी धाकट्याने अग्नी दिला. थोरल्याने तो विधी फोनच्या पडद्यावर पाहिला. वर्षानंतर वाटणीचा विषय निघाला तेव्हा धाकट्याचे म्हणणे असे, की ज्याने अग्नी दिला नाही त्याला घरात हिस्सा कसला?

कायद्याचे उत्तर तत्काळ देता येण्याजोगे होते. गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात, आणि त्यापूर्वीच्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतही, मुले ही सक्तीची वारस आहेत. अर्धी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते, आणि ती काढून घेण्याची कारणे कायद्याने मोजून दिली आहेत. अंत्यविधीस न येणे हे त्यांतले कारण नाही. परंतु धाकट्याला कायदा नको होता. त्याला कोणीतरी ‘तुझे म्हणणे न्यायाचे आहे’ असे म्हणावयास हवे होते. त्याचा युक्तिवाद असा: “आमचा आजा आफ्रिकेत होता. त्याची आई गेली तेव्हा तो आला नाही. त्याला पत्र पोचेपर्यंत महिना लोटला. त्याला कोणी बोल लावला नाही. जहाजावरच्या तारवट्याचा बाप मरतो तेव्हा तो भर समुद्रात असतो. त्यालाही कोणी बोल लावीत नाही. पण याच्यापाशी विमान होते. दहा तासांचा रस्ता होता. नऊ महिने होते.”

हा युक्तिवाद आम्हांस वजनदार वाटला, आणि आजही वाटतो. अंतर ही पूर्वी एक प्रकारची क्षमा होती. माणूस येऊ शकत नाही हे सर्वांना ठाऊक असे. त्यामुळे तो येऊ इच्छीत होता की नव्हता, हे कोणालाच, कदाचित त्याला स्वतःलाही, शोधावे लागत नसे. समुद्राने ते झाकून ठेवले होते. विमानाने समुद्र काढून घेतला आणि त्याबरोबर ते पांघरूणही काढून घेतले. आता न येणे म्हणजे न येणे ठरविणे. ज्याला शक्य आहे त्याचेच कर्तव्य, हा नियम आम्ही सर्वजण मानतो. मग शक्यता वाढली की कर्तव्य वाढलेच पाहिजे. हे कटू आहे, परंतु तर्कास धरून आहे.

मात्र शक्यता म्हणजे वेळापत्रक नव्हे. येथे कायद्याने जी शहाणीव दाखविली आहे ती व्यवहारात उपयोगी पडेल. मुदतीच्या कायद्यात अपिलास वा अर्जास उशीर झाला तर पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि प्रत्येक दिवसाच्या उशिराचा खुलासा द्यावा असा जुना दंडक आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका काश्मीरच्या प्रकरणात म्हटले, की हा दंडक समजुतीने लावावा. दिवसाचा खुलासा मागावयाचा तर तासाचा का नको, क्षणाचा का नको? पुरेसे कारण तपासावयाचे ते न्याय व्हावा म्हणून, माणसाला दारातून परत पाठविता यावे म्हणून नव्हे. तोच न्याय थोरल्यास लावून पाहिला पाहिजे. तो ज्या प्रकारच्या नोकरीत होता तेथे आठवडाभर गैरहजर राहणे म्हणजे काम जाणे. काम गेले की खोलीचे भाडे गेले. आणि त्याच कामाच्या पैशावर बापाचे औषध नऊ महिने चालले होते. ऐन वेळच्या तिकिटाला महिन्याची मिळकत पुरी पडत नाही. विमानाचा रस्ता दहा तासांचा खरा. पण गरिबाच्या घरून विमानतळापर्यंतचा रस्ता कधीकधी वर्षाचा असतो. श्रीमंताचे लंडन आणि हमालाचे लंडन मोपापासून सारख्या अंतरावर नाहीत.

थोरल्याचे दुसरे म्हणणे अधिक नाजूक होते. “मी तेथे होतो, मी सर्व पाहिले,” असे तो म्हणे. पडद्यावर पाहणे म्हणजे उपस्थित असणे होय काय? न्यायालयांनी याला होकार दिला आहे. २००३ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात, न्यूयॉर्कमधील एका डॉक्टरांची साक्ष दूरदृश्य यंत्रणेने घेता येईल असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला; आरोपीसमक्ष साक्ष होणे याचा अर्थ एकाच खोलीत देह असणे असा घेण्याचे कारण नाही. साक्षीपुरते हे बरोबरच आहे. साक्षीदाराकडून आपणांस ज्ञान हवे असते, आणि ज्ञान तारेतून येते. परंतु मयताच्या दारी जाणाऱ्याकडून कोणाला ज्ञान हवे असते? प्रेत घरात असेपर्यंत शेजारी चूल पेटत नाही. कोणी लाकडे उतरवितो, कोणी तिरडी बांधतो, कोणी खांदा देतो, कोणी नुसता ओसरीवर बसून राहतो. नुसता बसून राहणारा सुद्धा काहीतरी देत असतो. त्याचा दिवस गेलेला असतो, त्याची पाठ दुखत असते. पडद्यावर पाहणाऱ्याने सर्व पाहिले, हे आम्ही मान्य करतो. पण त्याच्या खांद्यावर भार आला नाही, आणि जो भार त्याच्या खांद्यावर आला नाही तो दुसऱ्या कोणाच्या तरी आला. धाकट्याचा राग तेथे होता. बापाला अग्नी न मिळण्याचा प्रश्नच नव्हता, अग्नी मिळाला. प्रश्न भावाला भाऊ न मिळण्याचा होता.

तरीही, त्या दोन रात्रींवरून थोरल्यास दोषी ठरविण्यास आमचे मन घेईना. दोष आम्हांस दिसला तो नऊ महिन्यांत. आणि तो विमानाच्या सोयीतूनच उपजलेला आहे असे आमचे मत झाले. ज्या पिढीला आफ्रिकेहून यावयास आगबोटीचे आठवडे लागत, तिने निघताना आईबापांच्या पायांवर डोके ठेवले ते ‘हे दर्शन शेवटचे असू शकेल’ या जाणिवेने. तिची पत्रे वर्षाला चार आली तरी त्यांत सर्व काही असे. आता ‘केव्हाही येता येते’. जे केव्हाही करता येते ते आज करावे लागत नाही. आधी गणपतीला येऊ, मग शिगम्याला येऊ, मग रजा साठवून पुढच्या वर्षी महिनाभर येऊ. रोज रात्री पडद्यावर बाप दिसतच असतो, त्यामुळे तो रोज थोडा थोडा कमी होत आहे हे दिसत नाही. समुद्र असता तर या मुलाने पहिल्याच महिन्यात कळवळून काहीतरी ठरविले असते. दहा तासांच्या रस्त्याने त्याला नऊ महिने थांबवून ठेवले.

आणि घरी राहिलेल्यांनाही याच हिशेबाने पाहावे लागेल. धाकटा घरी होता. पण तो बापाजवळ होताच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. एकाच छपराखाली, एका भिंतीपलीकडे, महिनोन्‌महिने शब्द न बोलता राहणारी घरे आमच्या दप्तरात पुष्कळ आहेत. बृहस्पतीला ती ठाऊक असती तर देशांतराच्या लक्षणांत त्याने भिंतही घातली असती. या प्रकरणात धाकट्याने बापाचे सर्व केले होते, हे आम्हांस शेजाऱ्यांकडून कळले, म्हणून त्याच्या बोलण्याला आम्ही मान दिला. एरवी दिला नसता.

वाटणी समजुतीने झाली. राहते घर धाकट्याकडे गेले, काजूची भाटे थोरल्याकडे. थोरल्याने मुखत्यारपत्र पाठविले व तो आला नाही. कागद पुरे झाल्यावर धाकटा उठता उठता थांबला व म्हणाला, की भटजी सांगतात, विभक्त झाल्यावर दोघांनी वर्षश्राद्ध वेगवेगळे करावयाचे. तर तो तिकडे कोणत्या दिवशी करील? बाप गेला तेव्हा आमच्याकडे रात्रीचे दोन वाजले होते, आणि त्यांच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. आम्ही त्याला सांगितले, की तारीख दोन ठिकाणी दोन असली तरी तिथी एकच आहे. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते, आणि ते अंतर मांद्र्यास व स्विंडनला एकाच क्षणी तेवढेच असते. फक्त ती तिथी त्याच्याकडे अपराह्णात कोणत्या वारी सापडते, हे तेथील सूर्योदयावरून काढावे लागेल; कदाचित एक दिवस मागेपुढे होईल. त्याने ते एका चिठ्ठीवर लिहून घेतले. मग चिठ्ठी खिशात घालीत त्याने विचारले, आता तिकडे किती वाजले असतील. आम्ही घड्याळाकडे पाहून सांगितले, सकाळचे सात.